चौथं नाटक

"आणि चौथं, मार्चमध्ये, 'यमुनाबाईंचा जबाब'," हरिहर म्हणाला. चष्मा काढून त्याने मंडळींकडे पाहिलं. "यमुनाबाई करणार सरोज."

टाळ्या पडल्या. ऋतिकाने तर शिट्टी मारली. जुलैतल्या त्या संध्याकाळी सरोजला क्षणभर कळेना, आपले हात कुठे ठेवावेत.

नवऱ्याने, हरिहरने, 'खाडीकाठ' ही नाट्यसंस्था काढली तेव्हापासून ती विंगेत होती. प्रॉम्प्टिंग, कपड्यांची इस्त्री, सगळ्यांचे डबे. कॉलेजात असताना तिने ठाण्यातल्या स्पर्धा गाजवल्या होत्या, पण ती मुलगी आता तिलाही कुणी परकी वाटायची. दर वर्षी हरिहर म्हणायचा, "पुढच्या सीझनला तुझं बघू. तू विंगेत नसलीस तर माझं पान हलत नाही."

या वेळी पोरांनीच हट्ट धरला. "सर, काकू यमुनाबाई करणार नसतील तर मीपण नाही," ऋतिका म्हणाली होती. आणि हरिहरने जरासुद्धा वाद घातला नव्हता.

नाटकं व्हायची घोडबंदर रोडच्या आत, मिठाच्या जुन्या गोडाऊनमध्ये. मिठागरं गेली, गोडाऊन तेवढं उरलं. मालक धाकूशेठ नाटकवेडा. त्याने ते हरिहरला वापरायला दिलं. धाकूशेठ वारला आणि कारभार मुलाकडे, काळुरामकडे आला. तोवर चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले होते.

गणपती झाले, पहिलं नाटक लागलं. फार्स होता, लोक पोट धरून हसले. सरोज भाजी चिरता चिरता यमुनाबाईंची वाक्यं म्हणायची.

"एकदा ऐकतोस का रे?"

"घाई काय आहे? मार्च लांब आहे अजून." हरिहर पेपरातून मान वर करायचा नाही.

दिवाळीनंतर दुसरं नाटक झालं आणि प्रयोग संपल्यावर त्याने सगळ्यांना थांबवून घेतलं.

"काळुरामने जागा बिल्डरला दिली. जानेवारीअखेर खाली करायची आहे. नाताळातलं बालनाट्य होईल. चौथं मात्र..."

सम्यक उसळला. "असं कसं, सर? दोन-तीन महिने मागा ना!"

"मागितले. एक दिवससुद्धा वाढवून देणार नाही म्हणाला. नाटक म्हणजे काय ते त्या लोकांना काय कळणार? जमिनी विकायच्या आणि गाड्या उडवायच्या."

"मग डोंबिवलीला करू. आमच्या शाळेचा हॉल मिळेल," ऋतिका म्हणाली.

"नाही. सरोजचं पहिलं नाटक मी कुठल्यातरी शाळेत उरकणार नाही."

सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यासाठी हा माणूस इतका अडून बसतो, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आल्यावर तिने भीत भीत विचारलं, "मी बोलून बघू का काळुरामशी?"

"अजिबात नाही. त्याच्या दारात माझी बायको हात पसरणार? त्यापेक्षा नाटक गेलं खड्ड्यात." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्यासाठीच जीव तुटतोय गं."

त्याने स्वतः चहा करून तिच्या हातात दिला. उलट तिनेच त्याची समजूत घातली.

पण मन ऐकेना. यमुनाबाई तोंडपाठ झाल्या होत्या. झोपेतसुद्धा ओठ हलायचे. एका सकाळी, कल्याणला बहिणीकडे जाते असं सांगून ती बाहेर पडली आणि खोपटच्या स्टँडवर घोडबंदरची बस धरली. वाटेत ती मनातल्या मनात काळुरामला चांगलं फैलावर घेत होती. आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज मागणार होती.

काळुराम अंगणातच होता. तिला पाहताच लगबगीने उठला.

"या बाई, या. भावना, पानी आन गो!"

सून पाणी ठेवून आत गेली. सरोजने ग्लासाला हात लावला नाही. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"काळुरामशेठ, मार्चपर्यंत थांबा. एकच नाटक राहिलंय. सगळ्यांनी फार जीव ओतलाय त्यात. मी हात जोडते."

काळुराम गडबडला. "अवो, हात कशाला जोडता? जागा द्याचीय, ह्यो मी सरांना पावसाच्या आधीच सांगितला होता. पन बोल्लो, तुमचा सीझन पुरा होऊ द्या, मे म्हैन्यापरेन ऱ्हावा. बाबाची आठवन हाय ती. बिल्डरलापन तसाच बोल्लो."

"मेपर्यंत?" सरोजने विचारलं.

"सरच नको बोल्ले. जानेवारीपरेन बास झाला." काळुरामने ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तीनच नाटका करनार बोल्ले. चवथा निस्ता नावाला ठेवलाय, कोन एक हौशी बाई हाय, तिची समजूत काढाला."