टेकडीवरची जागा

कनेक्टिकटच्या वसाहतीत जोथमने टेकडीवरचं कुरण चर्चमधल्या सोबत्याला, एनॉसला विकलं. पण किमतीतले निम्मे पौंड काही हाती येईनात. मागायला गेलं की एनॉस म्हणे, "मका निघू दे, गड्या!"

हिवाळ्यात जोथमची बायको मर्सी वारली. त्या दोघांची दोन मुलं त्याच टेकडीवर पुरलेली; तिलाही तिथंच जागा हवी होती. एनॉसने स्वतः गोठलेली माती खणली, प्रार्थनेत रडलाही. जोथमला वाटलं, जाऊ देत ते पैसे.

टेकडी उतरताना एनॉस त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बायकोला जागा दिली, आपला हिशेब मिटला. मुलांच्या जागेचं मी काही धरलेलं नाही हो!"

जोथमने तो हात झुरळासारखा झटकला आणि फावडं घेऊन माघारी वळला.

"अरे, कुठं निघालास?"

"तिघांना घरी आणायला."