फितीचा दिवा

प्रदर्शन उद्यावर आलं होतं. लेकीने अडगळीतल्या जुन्या कॅसेटच्या फिती विणून दिव्याची शेड केली होती, आणि कधी एकदा आईला दाखवते असं तिला झालं होतं. आई मात्र टेबलावरच्या रिकाम्या कॅसेटच चाळत राहिली.

"ही निळीसुद्धा उसवलीस?"

"वर काहीच लिहिलं नव्हतं गं. कोरी नव्हती?"

"तुझ्या बाबांचा आवाज होता त्यात."

लेक घाईघाईने वीण सोडवायला लागली, पण हाती येत होते ते वीतवीतभर तुकडे. आईने तिचा हात धरला.

"राहू दे. ते गेल्यापासून वीस वर्षांत ती कॅसेट लावायचा मला धीर झाला नाही. हा दिवा रोज लावीन."