टाचेचा इलाज

"जीव गेला तरी साथीदारांची नावं सांगणार न्हाई!" अशी गर्जना करून भुजंगानं पहिल्याच छडीला आईचं नाव घेतलं. निजामाच्या चौकीत त्याला पालथं पाडून जमादार तळव्यांवर छडी ओढत होता. रक्त भिंतीपर्यंत उडत होतं. "बोल बे, रेलपटरी कुनी उखडली?" दहाव्या छडीला मान वळवताना भुजंगाला दिसलं, चपला घातलेला जमादार स्वतःच उजवी टाच टेकवत नाही आणि तिच्यावर बिब्ब्याचे जुने डाग आहेत. "सायेब," तो ओरडला, "दोन वर्सं टाच दुखायलती. विटेवर रुईचं पान ठेवून शेकली, बिब्बा लावला, डागून घेतली, गुण न्हाई. तुमच्या छडीनं कळ गेली की!" दात आवळून त्यानं फाटक्या तळव्यांवर चार पावलं चालून दाखवली. जमादार नावं विचारायचंच विसरला. दार लावून पालथा पडला आणि छडी भुजंगाच्या हाती देत म्हणाला, "भुजंगराव, जरा आहिस्ता."