बेडकाचा डाग

"ओढ! अजून ओढ!" सर ओरडले.

ती बाकावर पालथी पडली होती. पाय घसरू नयेत म्हणून पट्ट्याने बाकाला बांधलेले. दोन्ही हातांत जाड रबर, त्याची दुसरी टोकं समोर भिंतीतल्या कडीला. पाण्यात जसे हात मारायचे, तसेच इथे कोरड्यात मारायचे. पायांतलं बळ आजाराने कधीच गेलं होतं. आता तोच आजार हातात शिरतोय का, एवढंच बघायचं होतं. पोहण्याची निवड चाचणी महिनाअखेरीला.

"झोपलीस काय गं?" शेजारच्या गादीवरून थोट्या म्हणाला. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलेलं. उजवा हात कोपरापासून नाही, पण जीभ दोन माणसांची.

"गप रे. एका हाताने टाळी वाजत नाही."

"गाल पुढे कर, वाजवून दाखवतो."

ती फिसकन हसली आणि मूठ सैल पडली. रबर सटकन जाऊन भिंतीवर आपटलं. थोट्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. तो उठून पाणी प्यायला गेला. तहान लागली नव्हती त्याला.

सरांनी रबर आणून तिच्या पंजाला गुंडाळून दिलं. तिने ओढलं. हात थेट मांडीपर्यंत गेला.

"आज हलकं लागतंय, सर."

"ताकद वाढलीय तुझी."

"बघ! मी काय म्हणत होतो!" दाराशी रिकामी व्हीलचेअर धरून तिचे बाबा उभे होते. "माझी सुसर आहे ती, सुसर! डॉक्टरला काय कळतंय डोंबल!" आणि त्यांनी खिशातून फोन काढला. आता आत्याला कळणार, मग मामाला, मग अख्ख्या गल्लीला.

बाबा फोनवर बोलायला वळले. तिने मान वर केली नाही. खाली लादीवर रंग सांडल्याचा एक जुना डाग होता, चार पाय फाकवून बसलेल्या बेडकासारखा. पालथं पडल्यावर दुसरं बघायला असतं तरी काय?

"सर, हा बेडूक चालतो का हो?"

"कुठला बेडूक?"

"पहिल्यांदा तो लांब होता, भिंतीकडे. मग माझ्या नाकाखाली आला. आज पार छातीखाली गेलाय, मान वाकवून बघावा लागतोय."

सरांनी उगाच भिंतीतली कडी हलवून बघितली.

"तुम्ही बाक पुढे सरकवता. मी यायच्या आधी. भिंत जवळ आली की रबर ताणतच नाही, मग कुणीही ओढेल."

सर खाली बसले आणि तिच्या पायाचा पट्टा घट्ट करायला लागले. तो घट्टच होता.

"चिडलीस?"

"खूप. तुमच्या डोक्यात हेच रबर घालावंसं वाटतंय." मग तिने आवाज खाली आणला. "पण बाबांना कळू देऊ नका. उद्या अजून थोडा पुढे घ्या बाक. भिंतीपर्यंत जागा आहे अजून."

"काय खुसुरफुसुर चाललीय गुरू-शिष्येची?" बाबा फोन कानाला लावूनच ओरडले. "ओढ गं! आत्याला आवाज ऐकायचाय!"

तिने ओढलं. रबर अगदी सहज आलं.