फासाची चाल

लोक्री नगरात नवा कायदा मांडणाऱ्यानं गळ्यात फास घालूनच उभं राहायचं. सभेनं नाकारला, की तिथंच फास आवळायचे. आज सोसिस कुंभार उभा होता. "ही फासाची चालच मोडा, एवढंच मागतो. गरिबालाही तोंड उघडता येईल." दोर धरलेला शिपाई पुटपुटला, "मान सैल सोड दादा, लवकर आटपेल." नवल म्हणजे, पुढच्या बाकांवरच्या जमीनदारांचेच हात आधी वर गेले. मागोमाग सगळ्यांचे. कायदा मंजूर. सोसिसनं फास काढला आणि जमीनदारांना मनोमन दुवा दिला. तेवढ्यात त्यांच्यातला फायनिपस सावकाश उठला. "मलाही एक कायदा मांडायचाय." शिपायानं सवयीनं फास पुढे केला. फायनिपस हसला. "अरे, ती चाल मोडली ना आत्ता? माझा कायदा एवढाच: ज्याला जमीन नाही, त्यानं सभेत हात वर करायचा नाही."