नुमानचं मराठी

"ही कोणती भाषा?" नुमानने जनार्दनचा दंडच धरला.

आखातात, गाला भागातल्या एका गॅरेजात जनार्दन फोनवर बायकोशी बोलत होता. नुमान गाडी दाखवायला आला होता. जनार्दनने गडबडून फोन ठेवला आणि इथल्या अरबांना 'मालक' म्हणायचं तसं अदबीने म्हणाला, "मराठी, अर्बाब. आमच्या गावची."

"माझी आई हेच बोलते," नुमान मोडक्या हिंदीत म्हणाला. "आजारी पडल्यापासून अरबी विसरली. यल्ला, चल माझ्याबरोबर."

इब्रा गावच्या रस्त्याला लागल्यावर त्याने सगळं सांगितलं. आई, कुबरा, लग्न करून हिंदुस्थानातून आली. घरात कायम अरबीच बोलली. तिच्या भाषेतला एकही शब्द त्याला येत नव्हता. "वडिलांनी बोलू दिलं नसणार," तो म्हणाला. वडील कधीच वारले होते, पण राग अजून आवाजात होता.

कुबरा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती.

"कशा आहात, मावशी?"

तिचा चेहरा उजळला. "कुठला रे तू?"

"गुहागरचा."

"मी दाभोळची! खाडी ओलांडली की आमचं घर." तिने त्याचा हात घट्ट धरला. "मला पलीकडे सोडशील? आणि हा अरब कोण आहे? सारखा माझ्याजवळ येऊन बसतो. मला भीती वाटते."

"काय म्हणाली?" नुमानने विचारलं.

घरी जायचं म्हणतात, एवढंच जनार्दनने सांगितलं. नुमानने परत विचारलं, तेव्हा त्याने खरं ते सांगून टाकलं.

नुमान त्याला घेऊन बाहेर आला. मग म्हणाला, "'मी तुझा मुलगा', हे तुमच्यात कसं म्हणतात?"

बाहेरच्या खोलीत दोघांनी ते वाक्य घोकलं. 'झ' काही त्याच्या जिभेवर बसेना. शेवटी तसाच तो आत गेला आणि आईसमोर गुडघे टेकून बसला.

"आई, मी तुजा मुलगा."

कुबरा त्याच्याकडे पाहत राहिली. तिने त्याच्या दाढीवरून बोटं फिरवली.

"नुमान?"

नुमानला रडू कोसळलं. रडता रडताच तो हसला आणि तेच वाक्य मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

कुबरा घाबरली. तिने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. दाराकडे पाहिलं.

"गप, पोरा," ती कुजबुजली. "मी नाही का इतकी वर्षं गप राहिले? कोणी ऐकलं, तर तुला अरब नाही म्हणायचे."