चालकामागची सीट

ड्रायव्हरसाहेबांनी सहावं पुस्तकही मिटलं आणि बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"यातही नाही," ते म्हणाले.

काय नाही, हे सांगण्याची त्यांची पद्धत नव्हती. बायकोने काउंटरवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. पाचच्या आत मुलीला फोन करून परदेशातलं एक शहर कळवायचं होतं. पुस्तकांच्या दुकानात जा, चांगली चित्रांची प्रवासाची पुस्तकं बघा, जे मनात भरेल तिथलं बुकिंग करते, असं मुलीने बजावून ठेवलं होतं. पाच वाजले की सहलवाले धरून ठेवलेल्या दोन जागा सोडून देणार होते.

आणि त्या सुटाव्यात म्हणूनच हे सगळं चाललंय, याबद्दल बायकोला तिळमात्र शंका नव्हती. यापूर्वी दोनदा असंच झालं होतं. पहिल्या सहलीच्या ऐन वेळी त्यांना ड्यूटी लागली. दुसऱ्या वेळी त्यांनी ती मागून घेतली. आता निवृत्त होऊन आठ महिने झालेले, मागायला ड्यूटी उरली नव्हती. मग पुस्तकांत खोड्या काढायच्या.

पहिल्या पुस्तकातल्या शहरात रस्त्यांच्या जागी पाणीच पाणी होतं. "इथे बस नाही," म्हणून ते बाद. दुसऱ्यात नुसत्या डोंगरावरच्या आगगाड्या. तिसऱ्यातले राजवाडे, बागा, पुतळे त्यांनी बिनथांब्याच्या गाडीसारखे मागे टाकले आणि एका साध्या चौकाच्या फोटोपाशी थांबले. खिशातून भिंग काढलं. फोटोतला सिग्नल लाल होता, त्यामुळे उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. मग भिंग बसच्या खिडकीवर धरून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"सुट्या सुट्या सीटा," असं म्हणून तेही मिटलं.

दुकानातली मुलगी गुणी होती. केसांत खोचलेली पेन्सिल काढून तिने विचारलं, काका, बसवरचंच पुस्तक हवंय का, वाहनांचं कपाट आत आहे. काकांनी मान हलवली. बस त्यांना पाठ होती.

ती तर बायकोलाही पाठ होती. ते एकतीस वर्षं सात नंबरची गाडी चालवायचे आणि ती त्याच गाडीने चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायची. त्यांच्या मागची सीट तिची. तिथे दुसरं कुणी बसत नसे. नेहमीची माणसं नवख्यांना उठवत. तिथून तिला दिसायची त्यांची मान, तिनेच इस्त्री केलेली कॉलर, राग आला किंवा लाज वाटली की लाल होणारा डावा कान, आणि त्याच्या वर तितक्याच लाल अक्षरांतली पाटी : 'बस चालू असताना चालकाशी बोलू नये.' पाटी सगळ्यांना सारखी होती. एकदा अर्ध्या वाटेत तिला आठवलं, घरी गॅस चालूच राहिला. तिने घाबऱ्याघुबऱ्या तसं सांगितलं. उत्तर पुढचा स्टॉप आल्यावर मिळालं.

घरी आल्यावर बोलतील म्हणावं, तर पहाटेची पाळी असली की ते झोपलेले आणि दुपारची असली की ती. एक मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, घर बांधलं, आणि हे सगळं दोघांनी दोन-दोन वाक्यांत उरकलं.

सातवं पुस्तक मिटलं तेव्हा साडेचार झाले होते. तिने पर्स उचलली.

"अहो, यायचं नसेल तर तसं सांगा. मी शेजारणीला घेऊन जाते. या पोरीची कोरी पुस्तकं उगाच मळवू नका."

त्यांचा डावा कान तेवढा लाल झाला. राग की लाज, ते मागून कळायचं. समोरून बघायची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात दुकानातली मुलगी लहान मुलांच्या कपाटातून एक मोठं, पातळ पुस्तक घेऊन आली. यात मजकूर कमी आहे, पण चित्रं भरपूर, असं ती म्हणाली. ड्रायव्हरसाहेबांनी पानं उलटली आणि बाराव्या पानावर जोरात ब्रेक लागला. भिंग चित्रावर गेलं. तिथेच राहिलं. मग त्यांनी ते बायकोच्या हातात दिलं.

"बघ."

भिंग तिच्याच चष्म्याच्या दुकानातलं होतं. तिने आधी ते रुमालाने पुसलं, सवयीने उजेडाकडे धरून डाग पाहिला, आणि मग वाकली. एक हिरवीगार दुमजली बस होती. वरच्या मजल्यावर अगदी पुढे भिंतीएवढी काच, काचेमागे दोघांची एकच सीट. सीट रिकामी होती.

"ड्रायव्हर खाली असतो," ते म्हणाले. बोट टोपीवाल्या ड्रायव्हरवर टेकवलं, मग हळूहळू वर सरकवलं. "वर पुढे कुणीच नाही. नुसता रस्ता." त्यांनी घसा साफ केला. "एकतीस वर्षं तू माझ्या मागे बसलीस. मला एकदा तुझ्या शेजारी बसायचंय."

दुकानातल्या मुलीला एकाएकी पलीकडच्या कपाटात काहीतरी लावायचं आठवलं.

बायकोने आपल्या मुलीला फोन केला. चित्राखाली छापलेलं शहराचं नाव सांगितलं. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं मुलीने विचारलं, तर "बस" एवढंच म्हणून ठेवूनही दिला. मग तिने पुन्हा भिंग घेतलं. वरच्या मजल्याची काच, कड, छत, सीटची पाठ, सगळं ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासत राहिली.

"आता काय शोधतेस?" त्यांनी विचारलं.

"पाटी," ती म्हणाली. "नाहीये कुठे. बोला आता."